सात आण्यांचं दुखणं

रविवार, 6 जुलै 2025, नाकाडोंगरी

आषाढी एकादशी. आईचा उपास, म्हणून घरभर भगरीचा वास. तुमसरची माझी फिजिओथेरपीची खोली आज बंद. नागपूरहून बहिणीची मुलगी आली आहे. ती फिजिओथेरपीच्या एमपीटीला दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रबंधासाठी गुडघेदुखीचे रुग्ण जमवते आहे. तिच्या पिशवीत संमतीपत्रांचा गठ्ठा होता, तो चाळला. मराठी बरी आहे. अभ्यास कशाचा, त्रास काय होऊ शकतो, मध्येच सोडून जायची मुभा आहे, सगळं नीट लिहिलेलं. खाली सही किंवा अंगठा.

विचारलं, "निकाल लागला की या माणसांना कसा कळवणार?"

"मावशी, थिसिस लायब्ररीत जातो. नशीब असलं तर जर्नलमध्ये पेपर."

कोणत्या भाषेत, हे मी विचारलं नाही. सही मराठीत घ्यायची आणि निकाल इंग्रजीत ठेवायचा, ही रीत तिच्या एकटीच्या कॉलेजची नाही. वास्तविक नियम उलट सांगतात. 1964 च्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या 2013 च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलं आहे की संशोधनात भाग घेतलेल्या प्रत्येकाला निकाल जाणून घ्यायचा पर्याय द्यावा. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वंही म्हणतात की जिथे उपयोग असेल तिथे निष्कर्ष त्या लोकांपर्यंत पोचवावेत. तोंडी परीक्षेत हे दोन्ही विचारतात. पोरं घडाघडा सांगतात आणि पास होतात.

आमच्या विषयात संशोधनाचा तुटवडा आहे म्हणावं तर तसंही नाही. सिडनीतल्या मंडळींनी 1999 मध्ये पेड्रो नावाचं भांडार उघडलं. फिजिओथेरपीतले प्रयोग, आढावे आणि मार्गदर्शिका मिळून आज त्यात साठ हजारांवर नोंदी आहेत, आणि ते फुकट आहे. तिथल्या भाषांच्या यादीत तमिळ दिसते. मराठी मला दिसली नाही.

रात्री ठरवलं की पावसाळाभर रविवारी इथे आलं की एकेक कागद करायचा. एका दुखण्याला एक कागद, मोठ्या अक्षरात, ओसरीवर वाचून दाखवता येईल असा.

रविवार, 13 जुलै

शेजारच्या मामी रिपोर्ट घेऊन आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत फिल्म, फिल्मच्या पाकिटात औषधांची चिठ्ठी, चिठ्ठीत गुंडाळलेल्या शंभराच्या सुट्या नोटा. नागपुरात एमआरआय काढला, चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी फुगली आहे असं निघालं. मामींचं वय पन्नासच्या आसपास. त्यांचा नवरा म्हणतो, गादी सरकली, आता धानाच्या रोवण्याला जायचं नाव नको. मामी म्हणतात, मग घरात येणार काय?

तपासून पाहिलं. पायात ताकद आहे, बधिरपणा नाही, लघवी-संडासवर ताबा आहे, ताप नाही, वजन उतरलेलं नाही. यातलं काही बिघडलेलं असतं तर पुढचं काहीच सांगितलं नसतं, सरळ भंडाऱ्याला पाठवलं असतं.

मग आईकडून सूप मागितलं आणि लाखोरीचे शंभर दाणे मोजून त्यात टाकले. मामींना म्हटलं, या शंभर बाया तुमच्या वयाच्या. आणि यांच्यातल्या एकीचीही कंबर दुखत नाही. त्या हसल्या. "आमच्या गावच्या नसतीन." मग साठ दाणे बोटाने एका कडेला सारले. या साठ जणींचा एमआरआय काढला तर त्यात गादी फुगलेली दिसेल. दुखत मात्र नाही.

हे आकडे माझ्या मनचे नाहीत. 2015 मध्ये एक आढावा छापून आला होता. 33 अभ्यास आणि 3110 माणसं, पाठीची काहीही तक्रार नसलेली, तरी त्यांची सीटी किंवा एमआरआय केलेली. पन्नाशीच्या माणसांत शंभरात साठ जणांची गादी फुगलेली आणि ऐंशी जणांच्या गादीची झीज झालेली. विशीतल्या पोरापोरींतही शंभरात तिसांची गादी फुगलेली.

मामींनी सुपातले दाणे पुन्हा एकत्र केले. मला वाटलं, कंटाळल्या. तर म्हणाल्या, "मंग माह्या दुखण्याचं कारण हे नाही का?"

असेल किंवा नसेल. फोटोवरून सांगता येत नाही, एवढंच या अभ्यासातून निघतं. आमच्या धंद्यातले लोक इथेच घाई करतात. रिपोर्टमुळे घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा म्हणून 'काही नाही हो, सगळ्यांना असतं' म्हणून मोकळे होतात. सगळ्यांना नसतं, शंभरात साठांना असतं. तो आकडा गाळला की माणसाच्या हातात फक्त आपला शब्द उरतो. आणि डॉक्टरचा शब्द तर त्याने रिपोर्ट देणाऱ्याकडूनही ऐकलेला असतो. दोन शब्दांत जो मोठ्या दवाखान्याचा, तो जिंकतो.

बुधवार, 16 जुलै, तुमसर

राइस मिलमधले एक गृहस्थ आले. खुर्चीवर बसायच्या आधीच, "बाई, करंट लावून द्या."

मशीन माझ्याकडे आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शिका काढली. कमरेचा पट्टा, वजन लावून ताण देणं, अल्ट्रासाउंडचा शेक, टेन्सचा करंट, हे सगळं नेहमीच्या उपचारात वापरू नका असं तिच्यात सांगितलं आहे. व्यायाम आणि समजावून सांगणं यांना मात्र जागा आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेने तर 2016 मध्येच हे म्हटलं होतं, आणि आपल्याकडे सर्रास लावला जातो तो इंटरफेरन्शियल करंटही त्यांच्या नकोच्या यादीत आहे.

त्यांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग पैसे कशाचे घेता?"

प्रश्न चोख आहे. मशीनपुढे पंधरा मिनिटं पडून राहिलं की काहीतरी घेतल्यासारखं वाटतं; समजावून सांगितल्याची पावती कशी फाडणार? ते दुसरीकडे गेले असणार. तुमसरात दुसरीकडे जायला जागा आहेत.

रविवार, 20 जुलै

रोवणी ऐन भरात. सकाळी वडिलांबरोबर बांधीवर गेले. आठ-दहा बाया ओळीत, गुत्त्याचं काम, म्हणजे जितक्या लवकर आटपेल तितकं बरं. नुसतं पाहत धुऱ्यावर बसले. डाव्या हातात पऱ्ह्याची पेंडी, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी तीन-चार रोपं वेगळी करून चिखलात खुपसायची आणि मागे सरकायचं. ज्या जुन्या आहेत त्या डावं कोपर डाव्या मांडीवर टेकवतात. धडाचं वजन त्या हातावर जातं. नव्या पोरी टेकवत नाहीत, त्यांचा हात अधांतरी. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही आणि कोणत्या पुस्तकातही मी वाचलेलं नाही.

दुपारी कंबरदुखीच्या कागदावर बसले. पहिलं वाक्य तयारच होतं, जगातल्या झाडून सगळ्या मार्गदर्शिकांत असतं ते: झोपून राहू नका, रोजची कामं चालू ठेवा. यामागे बराच पुरावा आहे. सगळ्यांत गाजलेला प्रयोग 1995 चा, गाव पुन्हा हेलसिंकीच. तिथल्या नगरपालिकेच्या 186 कर्मचाऱ्यांची कंबर नुकतीच धरली होती. काहींना दोन दिवस अंथरुणात राहायला सांगितलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले आणि उरलेल्यांना सांगितलं की सोसेल तेवढी रोजची कामं करत राहा. तीन आठवड्यांनी पाहिलं आणि बारा आठवड्यांनी पाहिलं, तर रोजची कामं करणारे सगळ्यांत बरे आणि अंथरुणातले सगळ्यांत मागे.

वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. मामी ओसरीवरच होत्या, पाय धुऊन बसलेल्या.

"रोजची कामं म्हंजे रोवणा का?"

हेलसिंकीच्या नगरपालिकेत रोजची कामं म्हणजे काय असतील ते असोत, दिवसभर घोटाभर चिखलात वाकून मागे सरकणं नक्कीच नसणार. तेच वाक्य शब्दन् शब्द नाकाडोंगरीत आणलं की त्याचा अर्थ होतो, कंबर धरली तरी गुत्ता सोडू नका. तिकडे हे वाक्य माणसाला अंथरुणातून उठवायला निघालं होतं. इथे अंथरुणात पडायची सोय कोणाला आहे? इथल्या बाईला विश्रांतीची परवानगी हवी आहे, आणि ती किती घ्यावी हे हवं आहे. त्यावरचा प्रयोग माझ्या तरी पाहण्यात नाही.

मग कागदाची रीतच बदलली. दोन शाया घेतल्या. निळ्या शाईत लिहायचं ते अभ्यासातून निघालेलं, कोणावर केला आणि किती जणांवर, हे त्याच ओळीत. काळ्या शाईत माझं मत. निळ्यात लिहिलं: कंबर धरली तर दिवसेंदिवस पडून राहू नका, हळूहळू हिंडाफिरा, फिनलंडच्या 186 नगरपालिका कर्मचाऱ्यांवर हे पाहिलं. काळ्यात लिहिलं: पहिले तीन-चार दिवस रोवणी टाळा, घरची उभ्याने करायची कामं करा, मग अर्धा दिवस जा, कोपर मांडीवर टेकवा, एक ओळ झाली की सरळ उभं राहून मागे वाका, हे माझं मत आहे.

आई म्हणाली, "काळं जास्त झालं." झालं खरं. ज्या कामाने इथल्या निम्म्या कमरा दुखतात त्याबद्दल निळ्यात लिहायला जवळ काही नसलं तर काळं जास्तच होणार.

गुरुवार, 24 जुलै, तुमसर

पाऊस. दिवसभरात दोन रुग्ण, दोन्ही खांद्याचे. गोठलेल्या खांद्यावर ब्रिटनमध्ये 503 जणांवर मोठा प्रयोग झाला, 2020 मध्ये छापून आला: भूल देऊन खांदा फिरवणं, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी. वर्षाने पाहिलं तर तिन्हींत कोणी कोणावर मात केली असं म्हणता येत नाही. पहिल्या रुग्णाला सांगितलं तर तो खूश, शस्त्रक्रिया वाचली म्हणून. दुसऱ्याला तेच सांगितलं, तो नाराज: "म्हणजे लवकर बरं होणारं काहीच नाही?"

रविवार, 3 ऑगस्ट

गुडघ्याचा कागद. हा सर्वांत जास्त मागितला जाणार. माइन्समधून निवृत्त झालेले वडिलांचे दोस्त रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर जमतात. सगळे डोंगरी बुजुर्गच्या खुल्या खाणीत राबलेले. तिथलं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलमध्ये जातं, हे ते आजही अभिमानाने सांगतात. आता सगळ्यांच्या गुडघ्यांचं वंगण संपलं आहे, असं त्यांना कोणीतरी सांगितलं आहे.

कॉक्रेन संस्थेचा 2015 चा आढावा उघडला. गुडघ्याच्या झिजेवर व्यायामाचे 54 प्रयोग एकत्र करून निघालेलं उत्तर: शून्य ते शंभराच्या पट्टीवर, व्यायाम न करणाऱ्यांचं दुखणं 44, करणाऱ्यांचं 32. बारा गुणांचा फरक. सोबत सामान्य लोकांसाठी सोप्या भाषेतला सारांशही आहे. कॉक्रेनच्या प्रत्येक आढाव्याला तो असतोच. तो मराठीत उतरवून काढला आणि वाचला.

एक काका म्हणाले, "शंभर म्हंजे कोनतं दुखनं? मेल्याचं का?"

शंभर गुणांची पट्टी म्हणजे आम्ही शिकलेल्यांनी शाळेच्या निकालपत्रकातून उचललेली गोष्ट. दुखणं कोणी गुणांत मोजत नाही. पण मोजतच नाही असंही नाही, आणि हे माझ्या समोर रोज घडत असतं. खोलीत आलेला माणूस सांगतो, "बाई, चार आणे फरक पडला." आठवड्याने म्हणतो, "आता आठ आणे बरं हाय." 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली आणि आणा हिशेबातून गेला. दुखण्याच्या हिशेबात मात्र तो अजून चालतो, ज्यांनी आणा हातात धरलाच नाही त्यांच्याही तोंडी.

मागच्या कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडलं. शंभराला सोळा आणे, म्हणजे आण्याला सव्वासहा. 44 म्हणजे सात आणे आणि अगदी किंचित वर. 32 म्हणजे पाच आणे आणि थोडं वर. बारा गुण म्हणजे दोन आण्यांना थोडे कमी.

"काका, रुपयाभर दुखणं म्हणजे सोसवतच नाही असं. त्यातलं सात आणे दुखत होतं ते व्यायामाने पाच आण्यांवर आलं. सरासरीने."

ओसरीवर एकदम गलका. एक म्हणाले, दोनच आणे? मग रोज पाय कशाला हलवायचे? दुसरे म्हणाले, गोळीने किती आणे जाते ते सांग. तिसरे, ज्यांना गुडघ्याची वाटी बदलायला सांगितली आहे ते, गप्प होते. मग म्हणाले, "दोन आणे म्हणजे मी संडासला बसून उठू शकीन का?"

तिसऱ्या प्रश्नाने मला आढाव्यात पुन्हा मागे नेलं. हालचालींची पट्टी वेगळी असते. तिथे 38 वरून 28, म्हणजे अडचण सहा आण्यांवरून साडेचारवर. पण त्या पट्टीत खुर्चीवरून उठणं आहे, जिना आहे, मोजे घालणं आहे. उकिडवं बसणं कुठल्या कुठल्या प्रश्नावलीत असेल, पण ते या सरासरीतून वेगळं काढून दाखवता येत नाही. त्यांना तसंच सांगितलं. म्हटलं, जिन्याचं सांगते, संडासाचं सांगता येत नाही. "जिना कोनाकडे हाय इथं?" असं म्हणून ते तंबाखू मळायला लागले.

सरासरी हा शब्दही एकदा फोडून सांगावा लागला. दोन आणे प्रत्येकाला मिळत नाहीत. कोणाला पाच मिळतात, कोणाला छदाम नाही. आधीपासून कोण कुठला हे ओळखायची खात्रीची रीत नाही. म्हणून काळ्या शाईत लिहिलं: दोन महिने नेमाने करून पाहा, आणि आणे तुम्हीच मोजा.

शनिवार, 9 ऑगस्ट

राखी. भाची पुन्हा इथे. आण्यांचं गणित पाहून नाचली, आणि लगेच खोडही काढली. "मावशी, 2015 जुना झाला. 2024 च्या शेवटी नवा आढावा आला आहे."

आला आहे, खरं. आता 139 प्रयोग आणि बारा हजारांवर माणसं. आणि आणे उतरले आहेत. ज्यांना व्यायाम न देता नुसती विचारपूस आणि तेवढंच लक्ष दिलं त्यांच्याशी ताडून पाहिलं तर फरक पावणेनऊ गुणांचा, म्हणजे दीड आण्याला थोडा कमी. ज्यांना काहीच दिलं नाही त्यांच्याशी ताडलं तर तेरा गुण, पुन्हा दोन आणे. लेखक म्हणतात, एवढा फरक रुग्णाला जाणवण्याजोगा आहे का हे नक्की नाही.

भाचीला भीती की हे सांगितलं तर लोक व्यायाम सोडतील. आमचा बराच वेळ वाद झाला. तिचं म्हणणं, आरोग्यशिक्षणात माणसाला उभारी द्यायची असते. माझं म्हणणं, ती उभारी दोन महिन्यांत उतरते. सोळा आणे मिळतील असं समजून आलेला माणूस दीड आण्यावर फसवलं म्हणतो, आणि दीडच मिळणार हे माहीत असलेला म्हणतो, बरोबर मिळालं. शिवाय दीड आणा आणि दोन आणे यांतला अर्धा आणा कशाचा? कोणीतरी आस्थेने विचारलं, त्याचा. तो मला लपवावासा वाटत नाही. मिलवाल्या गृहस्थांना त्या दिवशी मला पावती फाडून देता आली नाही, ती बहुधा याचीच होती.

ती मला पेड्रोची गुणपट्टी शिकवत बसली, परीक्षेची तयारी म्हणून. प्रयोग किती काटेकोर, याला दहापैकी गुण. चिठ्ठी टाकून गट पाडले का, मोजणाऱ्याला गट माहीत होता का, मध्येच सोडून गेलेल्यांचा हिशेब ठेवला का. आमच्या विषयात दहापैकी दहा जवळजवळ अशक्य, कारण औषधात खोटी गोळी देता येते, व्यायामात कसं करणार? व्यायाम करवून घेणारीला माहीत असतं आणि करणाऱ्यालाही. आठ मिळाले तर डोक्यावर घ्यायचं. ही गोष्ट कागदावर यावी का? ती म्हणाली नको, गोंधळ होईल. इथे मात्र मी तिचं ऐकलं.

रविवार, 24 ऑगस्ट

काल तान्हा पोळा झाला. पोरांचे लाकडी बैल अजून ओसरीत उभे.

पलीकडच्या टोलीवर बोलावणं होतं. आजीला मे महिन्यात लकव्याचा झटका, डावी बाजू गेली. मुलगा आणि सून दोघं मिळून करतात. दवाखान्यातून सुटताना हातापायाचे व्यायाम दाखवले होते, ते मुलगा दिवसातून तीनदा घड्याळ लावून करतो. आजी काठीने ओसरीपर्यंत येतात, त्यापुढे नाही. मुलाने आत बोलावून, हळू आवाजात विचारलं, "ताई, माह्याकून काही कमी पडते का?"

या प्रश्नाचं उत्तर असलेला प्रयोग भारतातच झाला आहे, आणि जगातल्या मोठ्यांपैकी एक आहे. अटेंड नाव. 14 रुग्णालयं, 1250 रुग्ण, 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये छापला. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट अपुरे, म्हणून घरच्या माणसालाच पद्धतशीर शिकवलं तर? निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना दवाखान्यात आणि नंतर घरी जाऊन दोन महिन्यांपर्यंत शिकवलं. उरलेल्यांना नेहमीचा उपचार. सहा महिन्यांनी मोजलं, किती जण वारले किंवा परावलंबी राहिले. शिकवलेल्या गटात शंभरात 47. न शिकवलेल्या गटात शंभरात 47.

हे जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनातून खट्टू झाले होते. परिषदांमध्येही त्याचा उल्लेख घाईने उरकतात. न जमलेल्या प्रयोगाचा सोप्या भाषेतला सारांश लिहायला कोणाला हौस नसते. पण त्या खोलीत उभ्याउभ्या मला तोच प्रयोग हवा होता.

मुलाला सांगितलं की तुझ्यासारख्याच शेकडो घरांना जास्तीचं शिकवून पाहिलं. तरी सहा महिन्यांनंतर दोन्हीकडे आकडा तोच आला. याचा अर्थ हातपाय हलवू नको असा होत नाही. ज्यांना शिकवलं नाही त्यांच्याही घरी कोणीतरी तुझ्यासारखं करतच होतं. तपासलं ते जास्तीचं शिक्षण. आणि याचा अर्थ एवढा नक्की होतो की आई ओसरीपुढे गेली नाही तर ते तुझ्या हाताने कमी पडलं म्हणून, असं कोणी म्हणू शकत नाही. तूही नाही.

तो बराच वेळ काही बोलला नाही. सून दाराशी होती, ती म्हणाली, "मंग हे रात्री दहाचं तरी बंद करा. आईले झोप येते तवा."

दहाचं बंद केलं. त्याऐवजी आजींना खाटेवरून उठ-बस करायला लावली, आणि डाव्या हातात रिकामा पेला. जे काम पुढे करायचं आहे तेच पुन्हा पुन्हा करून घेणं, याने थोडा फायदा होतो असं दुसऱ्या आढाव्यात आहे. तिसऱ्यांदा उठताना आजी मला म्हणाल्या, "तू बस न, करून दाखव." केलं.

सोमवार, 8 सप्टेंबर, तुमसर

जागतिक फिजिओथेरपी दिन. यंदाचा विषय म्हातारपण, अशक्तपणा आणि पडणं. सकाळपासून मोबाईलवर चित्रं येत आहेत: व्यायामाने पडण्याचं प्रमाण 23 टक्क्यांनी कमी होतं. आकडा खरा आहे. 2019 चा कॉक्रेनचा आढावा, 108 प्रयोग, 23 हजारांवर माणसं, सरासरी वय 76. पण 23 टक्के कशाचे? त्याच आढाव्यात लिहिलं आहे: हजार म्हाताऱ्या माणसांत वर्षात 850 वेळा पडणं, आणि व्यायाम करणाऱ्या हजारांत 655. गावात शंभर म्हातारी माणसं धरली तर 85 वेळा पडायची ती 65 वेळा पडतील. 65 हा आकडा चित्रात कोणीच लिहीत नाही. व्यायाम करूनही लोक पडतात हे दिसलं तर जाहिरात बिघडते. मग व्यायाम करणारी म्हातारी पडली की घरचे म्हणतात, काय उपयोग झाला?

पडण्याच्या कागदावर दोन्ही आकडे घातले. निळ्यात. काळ्यात न्हाणीतलं शेवाळ, ओला धुरा, रात्रीचा टॉर्च. गावच्या आशा कार्यकर्त्या म्हणाल्या, एका पायावर उभं राहायचा व्यायाम लिहिताय तर शेजारी भिंत लिहा. लिहिली.

रविवार, 14 सप्टेंबर

भाचीचा फोन. तिच्या गाईडने मान्य केलं, आणि नैतिक समितीनेही संमतीपत्रात एक ओळ वाढवायला परवानगी दिली: अभ्यासाचा निकाल आपल्याला कळवावा का? हो / नाही. हो असल्यास पत्राने, की भेटीत? तिने जुन्या रुग्णांनाही फोन करून विचारायला सुरुवात केली आहे. बहुतेक हो म्हणतात. एका काकूंनी नाही म्हटलं. का, तर "चांगला निघाला तर सांगशील, वाईट निघाला तर कशाला?"

आणि एक जण म्हणाला की पत्र वाचता येत नाही, भेटायला गाडीभाडं लागतं, तर मोबाईलवर बोलून पाठव. आमच्या बोलीत, आणि लहान. हा पर्याय छापलेल्या दोन्हींत नाही. मोबाईलवर आवाज पाठवायचा तर नंबर जपून कसा ठेवणार हे समिती विचारणार, म्हणजे पुन्हा अर्ज. मी म्हटलं, आणे घाल त्यात. ती म्हणाली, आधी आवाजाची परवानगी तर मिळू दे. अर्ज उद्या टाकते.